आपलं पोर दुसरीपाशी

रायापूर, धारवाड
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळाक्का,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळी बरी आहोत. यांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तारिहाळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरात बसून माझ्या चहाला नावं ठेवतात. अळणावरला थंडी पडली असेल, कान बांधून बस. हे पत्र तुझी सून दीपश्री वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं काढतेय.

तर काम असं. आपल्या आई मंडळाला पंचवीस वर्षं झाली. पुस्तिका निघणार आणि इतिहास मी लिहायचा, असं ठरलं. का? तर म्हणे सुलभा दहावी पास, पहिल्यापासूनची सेक्रेटरी! लिहायला बसले आणि डोक्याचा पार भुगा झाला बघ. शेवंता म्हणते, पोलिओ डोसच्या दिवशी बायका जमल्या, तिथून सुरू झालं. संगीता म्हणते, छे, नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी. दोघी शपथेवर सांगतात. आता एन माडोदु, काय करायचं, सांग!

तुझा नियम मात्र सगळ्यांना आठवतो. दर रविवारी वंदना झाली की विहारात पोरं बसायची, आणि आईनं आपलं पोर आपल्यापाशी बसवायचं नाही. दुसरीचं घ्यायचं, आपलं दुसरीला द्यायचं. "आपल्या पोरावर आपण खेकसतो, दुसरीच्याला समजावतो," असं तू म्हणायचीस. शेवंतानं पोरांना टाके घालायला शिकवलं, संगीतानं पाढे. तू पुस्तक उघडून गोष्टी सांगायचीस. शाळेत कन्नड, घरात मराठी, पोरं दोन्हीकडं बुजलेली. तुझ्यापुढं दोन्ही भाषांत बोलायची.

माझी आरुषी तुझ्या वाट्याला आली. इथपर्यंत लिहिलं, मग तीन दिवस कागद तसाच पडून.

तू मंडळ सोडलंस ते कसं लिहू? आधी लिहिलं, "घरगुती कारणानं". खोडलं. मग "गावी गेल्यामुळं". तेही खोडलं. गावी तू त्यानंतर दोन वर्षांनी गेलीस.

पुस्तकांचं कपाट देणारे पाहुणे आले होते तो दिवस. मी नवं पुस्तक तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अक्का, एक पान मोठ्यानं वाचून दाखव." तू चित्र बघून सुरू केलंस. छान चाललं होतं. मीच म्हणाले, "चित्र नको, अक्षरं वाच." तू पुस्तक मिटलंस, पदर सावरलास आणि सगळ्या पोरांसमोरून निघून गेलीस. परत आली नाहीस.

मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "हिला वाचता येत नाही, हे मला काय ठाऊक!" इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

गेल्या आठवड्यात आरुषी आली. हुबळीत शिक्षिका आहे ती आता. सहज म्हणाली, "बाळामावशी एकाच पुस्तकातनं दर रविवारी वेगळी गोष्ट काढायची. मी घरी येऊन तुला सांगायचे, आठवतं का आई?"

आठवतं की. म्हणजे मला माहीत होतं? की पोरीचं बोलणं कानाआड केलं? काय की बाई, आठ दिवस हेच घोळतंय. भाजी दोनदा करपली. पण एक पक्कं आठवतं. ती धावत तुझ्याच मांडीवर जायची. घरी आल्यावरही "मावशी अशी, मावशी तशी". माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुझा नियम मला झेपला नाही गं. पोर तुला दिलं, आणि परत हवंय हे म्हणायची लाज वाटली.

मला माहीत होतं, अक्का.

दीपश्री, ही ओळ गाळू नकोस, बाळ. सासूला एकटीला गाठूनही वाचू नकोस. घरातली, शेजारची सगळी बसलेली असताना वाच, मोठ्यानं. मी तिला चारचौघांत वाचायला लावलं होतं.

पुस्तिकेचं पहिलं पान मी कोरं ठेवलंय. पुढच्या रविवारी आरुषी अळणावरला येतेय. मंडळ कसं सुरू झालं ते तू सांग, ती लिहून घेईल. मी तिच्याबरोबर यावं की नको, तेवढं दीपश्रीकडून कळव. नको म्हणालीस तरी चालेल.

तुझ्यापाशी पोर बसवून तुझ्यावरच जळलेली,
सुलभा