गोठ्यातली बाटली

सुदर्शनदादा,

काल लातूरला आपल्या अण्णांचा पाय घोट्याच्या वरून कापला. फोनवर तुला 'ऑपरेशन नीट झालं' एवढंच सांगितलं. बाकीचं इथं लिहिते.

पाखऱ्या बैलाच्या खुराला जखम झाली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं पेरॉक्साइडनं ती एकदाच धुतली होती. खूर बरा झाला. उरलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात राहिली. स्वतःच्या पायात खिळा रुतला तशी अण्णांनी तीच काढली. "बैल उभा राहिला, मी न्हाई का राहणार?"

सकाळ-संध्याकाळ ओतायचे. पांढरा फेस उसळला की खूश. "बघ, घाण निघायलीय." शुगरमुळं पायाला जाणीवच नव्हती, मग दुखणार कुठून? मी दवाखान्याचं नाव काढलं की ते तुला व्हिडिओ कॉल लावायचे. तू पुण्यातून फेस बघायचास आणि म्हणायचास, "तनुजा, तू लई घाबरतीस. औषध काम करतंय."

इथले डॉक्टर म्हणाले, फेस चांगल्या मांसावरही येतो. रोज ओतून भरत आलेली जखमच जाळली, आणि आत पू वाढत गेला.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू रडशील, आणि तुझी समजूतही मलाच घालावी लागेल.

आज अण्णा शुद्धीवर आले. चादरीवरून हात फिरवत राहिले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ती बाटली फेकू नको, तनू. दुसऱ्या पायाला लागंल."

तुझी घाबरट बहीण,
तनुजा