कंसातला प्रभारी

२ जून २०२५, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते. कालपासून मासेमारी बंद, म्हणून आमच्या मच्छीमार संस्थेचा बर्फ कारखानाही दोन महिने बंद. विचार करायला वेळच वेळ.
संचालक मंडळाचा ठराव आला. अकरा वर्षे माझ्या केबिनवर 'व्यवस्थापक (प्रभारी)' अशी पाटी आहे. व्यवस्थापनातल्या पदव्युत्तर कोर्सला प्रवेश घेऊन ३१ जुलैला दुपारी चारच्या आत पावती दाखवली, तर कंस निघणार. नाहीतर पद याच अटीवर सर्व कर्मचाऱ्यांना खुले. सर्व कर्मचारी म्हणजे ऑपरेटर पेद्रू, नववी नापास, आणि क्लार्क नम्रता, वय सव्वीस. स्पर्धा नाहीच.
प्रश्न एवढाच: एमबीए की एम. ए. लीडरशिप? दोन्ही घरबसल्या होतात. या आठवड्यात निकाल लावणार.

९ जून
निकाल पुढच्या आठवड्यात. एमबीएवाला कामे करून घेतो, लीडरशिपवाला माणसे घडवतो, असे माहितीपत्रकात आहे. मी दोन्ही करतो. अडचण ती आहे.
सरलाचे मत विचारले. बायकोला विश्वासात घ्यावे. भाकरी थापता थापता म्हणाली, "खंयचोय एक फॉर्म भरा, पन भरा." प्राथमिक शिक्षकांना सखोल विचाराची सवय नसते.

१८ जून
लीडरशिपचे पहिले तत्त्व: कामे वाटून देणे. नम्रताला दोन्ही कोर्सचा तुलनात्मक तक्ता करायला सांगितला. तिने विचारले, सर, परीक्षांचेही लिहू? म्हणालो, सगळे लिही. मुलगी कष्टाळू आहे, पण दृष्टी नाही.

२३ जून
तक्ता आला. सात पाने! चार वाचली. एमबीएला गणित आहे. लीडरशिपला गणित नाही, पण वीस पानी निबंध आहे: 'मी घेतलेला एक कठीण निर्णय'.

२५ जून
दोन दिवस आठवतो आहे. २०१६ साली ऑफिसचा चहावाला बदलला होता. पण तो पेद्रूने बदलला.

३० जून
आज एक ठोस काम झाले. मालवणात जाऊन नवी पाटी करवून घेतली. सागवानी, पितळी अक्षरे. नुसते 'व्यवस्थापक'. कंस नाही. कारागिराने नाव विचारले. म्हटले, नाव कशाला, सगळ्यांना ठाऊक आहे. पाटी पेपरात गुंडाळून ऑफिसच्या कपाटात ठेवली.

८ जुलै
फॉर्मला फोटो लागतो. काढला. डोळे मिटलेले आले. पुन्हा काढायला गेलो तर लाइट नाही. या जिल्ह्यात माणसाने पुढे जायचे तरी कसे?

१५ जुलै, सकाळी
ट्रंकेतून बी. कॉम.च्या मार्कशीट काढल्या. तीन आहेत. तिसरीवर ३८ टक्के. परत ट्रंकेत ठेवल्या.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. शेचाळिसाव्या वर्षी नापास झालो तर सरलाला तोंड कसे दाखवू? भीती वाटते. फार वाटते.

१५ जुलै, दुपारी
सकाळचे पान फाडणे. ती भीती नव्हती, पित्त होते.

२२ जुलै
पेद्रूने कंप्रेसर सुरू केला. विचारत होता, "एक तारखेक होड्ये सुटतले, सायबानू. किती लादी काढूची?" म्हणालो, विचार करून सांगतो. जेवून आलो तर नम्रताने आठशे सांगून टाकले होते. मला विचारले असते तर मीही तेवढेच सांगितले असते. बहुतेक.

२९ जुलै
ठरले. देवाला कौल लावणार. आपल्या घराण्यात घर, लग्न, विहीर, सगळे कौलाने झाले. डिग्रीने काय पाप केले? गुरव ३१ला सकाळी मोकळा आहे. दहाला कौल, वीस मिनिटांत उत्तर, मोबाइलवरून फॉर्म, अकराला पावती हातात. प्लॅनिंग म्हणतात ते हे.

३१ जुलै, सकाळी १०.२०, देऊळ
कारखाना नम्रतावर सोपवून आलो. गुरवाने विचारले, काय इचारूचा? म्हटले, उजवी पाकळी पडली तर एमबीए, डावी पडली तर लीडरशिप. तो खवळला. "देवाक होय काय नाय इचारतत रे! तुजो परीक्षेचो पेपर न्हय तो." मग त्यानेच गाऱ्हाणे घातले, पाकळ्या पाण्यात भिजवून देवाला लावल्या. प्रश्न: एमबीए करू? उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

११.४५
एकही पाकळी पडलेली नाही.

१.३०
पावसाळी हवा. पाकळ्या घट्ट. कौल लावल्यावर मध्येच उठता येत नाही, तो देवाचा अपमान. हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

३.१०
सरलाचा फोन. "अजून थंयच बसलासात? फॉर्म भरून ठेवा, देव राग धरूचो नाय." तिला सांगितले, देवळात रेंज नाही. तिने फोन ठेवला.

४.२५
उजवी पडली! एमबीए. स्पष्ट, खणखणीत कौल. गुरव म्हणाला, देव होय म्हणता, आता तू बघ. देवाच्या दारी चारला ऑफिस बंद होत नाही, हे उद्या चेअरमनना पटवून देणार.

१ ऑगस्ट
देवबाग-तोंडवलीच्या होड्या बर्फ भरून गेल्या. आठशे लाद्या बरोबर पुरल्या. चेअरमननी कौलाची हकीकत पूर्ण ऐकली, देवाच्या दिशेने हात जोडले आणि माझ्या हातात कागद दिला: व्यवस्थापकपदी नम्रताची नेमणूक. तिने एमबीएच्या प्रवेशाची पावती २ जुलैलाच जमा केली होती.
संध्याकाळी तक्ता पुन्हा काढला. सातव्या पानावर तिने लिहिले होते: "सर, आपल्या कामाला एमबीए योग्य. तुम्ही लगेच भरावा. तुमची हरकत नसेल तर मीही भरते." खाली माझी सही आहे. न वाचता केलेली.
सरलाला सांगितले. तिने पानात एक तळलेला बांगडा जास्त वाढला. त्यानेच जास्त वाईट वाटले.

४ ऑगस्ट
नम्रता म्हणाली, सर, नवी पाटी करायला आठ दिवस जातील, तोवर जुनीच राहू दे. मी कपाट उघडून पाटी काढून दिली. नाव नव्हतेच तिच्यावर. खिळेही मीच ठोकले. पेद्रूने स्टूल धरले. "आता बरी बसली," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता कंप्रेसरकडे गेला.
मग नम्रताने अदबीने विचारले, सर, तुमचे टेबल खिडकीजवळ लावू की दाराजवळ? म्हणालो, विचार करून सांगतो.
संध्याकाळी साडेपाचपर्यंत उभाच होतो.