रेघेखालचं नाव

रास तनुरा
फेब्रुवारी १९९१

प्रिय अफशाँ,

पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी मास्क तिच्या गालावरून सरकतो, म्हणून हनुवटीखाली रुमालाची घडी कोंबली आहे आणि ती डाव्या हातानं दाबून धरून उजव्या हातानं तुला लिहिते आहे. ती रडत नाही. रडली असती तर काचेवर वाफ तरी दिसली असती. मांडीवर ताठ बसली आहे आणि काचेतून माझ्या पेनाकडे बघते आहे. मेहेक तिचं नाव. तुझ्या भावाची, तल्हाची मुलगी. दुपार आहे, भोंगा वाजलेला नाही, आम्ही नुसता सराव करतो आहोत. कंपनीनं शिरीषला विषारी वायूसाठी दोन मास्क दिले, दोन्ही मोठ्या माणसांचे. लहान मुलांचे आले नाहीत, येतील असं म्हणतात. रुमाल सुटला. काढला मास्क.

आता ती जमिनीवर बसून उशीचं टोक चावते आहे. खोली तुला कशी सांगू. खिडकीच्या काचांवर फुल्या मारल्यासारखी चिकटपट्टी, दाराशी ओला टॉवेल, बादलीत पाणी, बिस्किटं, रेडिओ. चिकटपट्टी सगळ्या बाजारातून संपली तेव्हा खिडकीच्या फटीत मी माझे कागद कोंबले. तेच, ॲबरिस्टविथहून आणलेले झेरॉक्स. शिरीष म्हणाला, अखेर तुझ्या प्रबंधाचा उपयोग झाला. तुला आवडला असता हा विनोद. तू त्यांना मेलेल्या माणसांची रेशनकार्डं म्हणायचीस.

पुण्याच्या होस्टेलवर आपण दोघी कविता वाचायचो, आणि मग शिरीषच्या नोकरीपायी मी वेल्सच्या किनाऱ्यावरच्या त्या रिफायनरीच्या गावी जाऊन पडले. तिथून ॲबरिस्टविथच्या मोठ्या ग्रंथालयात गेले आणि अडकले. चारशे वर्षांपूर्वीच्या वह्या. गावोगावचे बरे घरचे लोक दिवसभर शेतीवाडी, कज्जेखटले करून जुनी हस्तलिखितं उतरवून काढायचे. एकाच बाडात कायदा, कविता आणि वंशावळी. मी तुला लिहिलं होतं, की त्यांचा कायदा तेव्हा चालत नव्हता. इंग्रजांनी तो मोडून पन्नास-शंभर वर्षं झाली होती. कुठल्याच न्यायाधीशापुढे त्यातलं एक वाक्यही वाचता आलं नसतं. तरी ते सगळं उतरवत होते, नवव्या पुरुषापर्यंतची नाती, कुणी कुणासाठी शपथ घ्यायची, कुणाच्या मरणाबद्दल कुणी काय द्यायचं. एक जण तर लंडनच्या तुरुंगात बसून उतरवत होता, अक्षरांना वेलबुट्टी काढत. मला वाटायचं, हा प्रश्न माझा प्रबंध आहे. का उतरवत होते? तू उत्तर दिलं होतंस, दुसरं काम नसेल. मी रागावले होते.

आम्ही इथं राहायला आल्यावर तल्हा पहिल्यांदा आला तेव्हा हे कागद टेबलावर पसरलेले होते. कुवेतच्या सीमेवरच्या खफजीहून सुट्टीच्या दिवशी गाडी हाणत आला, तुझ्या आईच्या हातच्या कोकमांची पिशवी घेऊन. ती तू त्याच्यापर्यंत कशी पोचवलीस ते तुलाच ठाऊक. मला चारुआपा म्हणायला लागला. वंशावळीचा एक कागद उचलून त्यानं उलटासुलटा केला आणि म्हणाला, हे आमच्या घरचंच शजऱ्याचं भेंडोळं आहे आपा, फक्त भांडणं लिहिलेली नाहीत. मी म्हटलं, भांडणं पुढच्या भागात आहेत, त्याला कायदा म्हणतात. किती हसला. मग बायकोला, आबिदाला आणायला लागला, मग मूल झालं, तेही आणायला लागला. आबिदा फार बोलायची नाही. जेवण झालं की उठून भांडी घासायला लागायची आणि मी नको म्हटलं की मल्याळी मिसळलेल्या हिंदीत सांगायची, आपा, हॉस्पिटलमें इससे जास्ती घिसते हैं. तिच्यावर रागावणं कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. पण तुमच्या घरी तिला कुणी पाहिलंच नाही.

अब्बांनी काय केलं ते तल्हानं मला एकदाच सांगितलं. शजऱ्याची गुंडाळी दिवाणावर पसरली, जमातीतले चार जण बसवले आणि तल्हाच्या नावाखाली आडवी रेघ ओढली. जी यतीमखान्यात, अनाथ पोरांत वाढली, जिला आपल्या बापाचं नाव सांगता येत नाही, तिचं मूल कुठल्या फांदीवर लिहायचं, असं विचारलं. तू दाराआड उभी होतीस असं तो म्हणाला. तुला दोष देत नव्हता. मी त्याला दाखवलं, की माझ्या कागदांतही अशा रेघा आहेत. नावाखाली दोन शब्द, वारस नाही, आणि पुढे कोरा कागद. एका ठिकाणी मात्र त्या दोन शब्दांखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात एका मुलीचं नाव घातलेलं आहे. कुणी घातलं, असं त्यानं विचारलं. माहीत नाही म्हटलं. त्यानं ते पान स्वतःकडे वळवून घेतलं आणि चहा मागितला.

तल्हाच्या कंपनीची तार तुम्हाला मिळाली असेल. त्या तारेत एकच नाव होतं, कारण कंपनीचा नोकर एकच होता. म्हणून मी सगळं लिहिते. लढाई सुरू झाली त्याच दिवशी खफजीवर गोळे पडायला लागले आणि गाव रिकामं झालं. तल्हाचा विभाग शेवटी निघाला, आबिदाचं हॉस्पिटलही. दक्षिणेकडचा रस्ता गाड्यांनी भरलेला, दिवे लावायला बंदी. समोरून लष्कराचे ट्रक येत होते, त्यांचेही दिवे बंद. आबिदा तिथंच गेली. मेहेक पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये सापडली, आईच्या ओढणीत गुंडाळलेली, कपाळाला खोक, बाकी काही नाही. तल्हा दम्मामच्या हॉस्पिटलात होता. कुणीतरी शिरीषला फोन केला आणि आम्ही गेलो. त्यानं मला ओळखलं. आपा, मेहेक जेवली का, असं विचारलं. मी म्हटलं, जेवली. अफशाँ, तेव्हा ती कुठं आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ती त्याच इमारतीत होती, वरच्या मजल्यावर, बेवारस मुलांच्या खाटेवर. दुसरं काही तो बोलला नाही. दोघांना शेजारी पुरलं. इथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. मी जागा लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, पण सगळी वाळू सारखी आहे.

मुलीला आमच्याकडे दिलं ते त्या वॉर्डातल्या नर्समुळे. ती आबिदाला ओळखत होती. शिरीषनं सही केली, तात्पुरतं म्हणून. तेव्हापासून मी कचेऱ्यांत फिरते आहे, म्हणजे शिरीष फिरतो आणि मी गाडीत बसते. मुलीचं नाव तल्हाच्या पासपोर्टवर होतं, पासपोर्ट त्याच्या कफीलकडे, म्हणजे जामीनदार मालकाकडे, कफीलचं ऑफिस खफजीत, आणि खफजीत मध्यंतरी इराकी शिरले होते. आता तिथं भिंती तरी आहेत का, कुणाला माहीत नाही. आपल्या वकिलातीत फोन लागला तेव्हा पलीकडचा माणूस चांगला होता, दमलेला होता. त्यानं विचारलं, मॅडम, आप बच्ची की कौन लगती हैं. तो हॅलो हॅलो करत राहिला. मैत्रिणीच्या भावाची मुलगी. हे नातं म्हणून सांगता येत नाही. शिवाय आम्ही हिंदू. मुसलमानाची मुलगी आम्हाला ठेवता येणार नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं, माझ्या मनातलं काही तरी ओळखलं असावं त्यानं. तिचे स्वतःचे लोक पुढे आले, घरच्या वडीलधाऱ्यानं ही आमची आहे असं कळवलं, तर तिला जेद्दाहून विमानात बसवता येईल. नाही तर महिनाअखेर तिला इथल्या सरकारी संस्थेत द्यायचं. एकदा तिथं नोंद झाली की तिला इथून बाहेर काढणं जवळजवळ अशक्य, असं तो म्हणाला. तिला नवीन नाव मिळेल. खायला प्यायला नीट मिळेल. ती मोठी होईल आणि तिला कोकम म्हणजे काय ते माहीत नसेल.

कादिरला विचारलं. तुमच्याच जमातीचा, बंदरावर क्रेन चालवतो. त्यानं तल्हाच्या जनाज्याला खांदा दिला, मेहेकसाठी दुधाचे डबे आणून देतो, तिला घोडा घोडा करतो. मी म्हटलं, कादिरभाई, कागदावर एवढंच लिहून द्या की ही हुसेनमियाँची नात. तो उभा राहिला. म्हणाला, भाभी, माझा जीव मागा. हुसेनमियाँनी रेघ मारलीय. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव या पोरीला लावायचं, तर मला गावात तोंड दाखवता यायचं नाही. मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. तो ऐकून घेत राहिला आणि दुधाचा डबा ओट्यावर ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा आणखी डबे होते.

मी आता कागद खिडकीतून काढून वाचते आणि परत कोंबते. या बाडांतल्या कविता मला पूर्वी कंटाळवाण्या वाटायच्या. भाट एखाद्या सरदाराची स्तुती करतो आणि चार ओळींत त्याच्या बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घालतो, पुढच्या चार ओळींत आईकडचं. मी प्रबंधात लिहिलं होतं, की इथं काव्य कमी आणि यादी जास्त आहे. काल मी मेहेकला झोपवताना तसंच करत होते. तल्हाची मेहेक, हुसेनमियाँच्या तल्हाची मेहेक, अफशाँच्या भावाची मेहेक, आबिदाची. आबिदाच्या पुढे जायला मला नाव नव्हतं. तिथून परत सुरू करायचे. ती झोपली आणि मी थांबले नाही. शिरीष दारात येऊन उभा राहिला. तो म्हणाला, चारुता, सवय लावून घेऊ नकोस. आमच्या घरात बारा वर्षांत लहान कपडे नव्हते. आता दोरीवर आहेत. मला काय हवंय ते तू ओळखशील, तू नेहमीच ओळखतेस. ते होणार नाही. म्हणून मी ते मागत नाही. पण संस्थेचं नाव ऐकलं की मला श्वास घेता येत नाही, मास्क न घालताच.

मी तार करू शकले असते. तार अब्बांच्या हातात पडते आणि तारेत रेघेच्या पुढचं काही बसत नाही. म्हणून हे पत्र कादिर गावी येताना घेऊन येईल आणि तुझ्या शाळेत तुझ्या हातात देईल, तेवढं त्यानं कबूल केलं आहे. त्या मोडलेल्या कायद्यात एक कलम आहे, मी ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा ते मला नुसतं गोड वाटलं होतं. बाप मेलेला असेल आणि मूल कुणाचं याबद्दल वाद असेल, तर कुळातला सगळ्यात वडील माणूस मुलाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतो आणि त्याचा मुका घेतो. मग मुलाचा उजवा हात त्याच्या खालोखालच्या माणसाच्या हातात देतो. तोही मुका घेतो. असं हातातून हातात, शेवटच्या माणसापर्यंत. आईचं कुळ कुणी विचारत नाही. झालं, मूल घरचं. हे तू अब्बांना वाचून दाखव. परक्यांचं आहे म्हणतील, म्हणू देत. त्यांना सांग की पोरीचं कपाळ त्यांच्यासारखं रुंद आहे आणि रागावली की ती त्यांच्यासारखीच बोलायची थांबते. ते नाही म्हणाले तर दाराआड उभी राहू नकोस, अफशाँ. त्यांच्या समोर जा, बस, जेवू नकोस, काय करायचं ते कर, आणि त्यांच्याकडून वकिलातीला एका ओळीची तार घे, ही मुलगी आमची आहे. मी तिला जेद्दापर्यंत घेऊन येईन आणि विमानात बसणाऱ्या कुणाच्याही हातात देईन. मागे फिरेन. यासाठीच लिहिलं.

तुझीच,
चारुता

सकाळी. महिनाअखेरीची वाट न बघता ते आज नाश्त्याच्या वेळी आले. संस्थेच्या दोन बायका आणि एक कारकून. लढाईमुळे सगळं आधीच उरकताहेत म्हणे. कारकुनानं दारातच कागद काढला. इथं प्रत्येक कागदावर चार नावं लागतात. त्यानं मुलीचं विचारलं, बापाचं विचारलं, मग आजोबांचं आणि घराण्याचं. माहीत नसेल तर सोडा, यल्ला, चला लवकर, असंही म्हणाला. मी सांगितलं, मेहेक, तल्हा, हुसेनमियाँ, मुकादम. हुसेनमियाँ त्याला लिहिता येईना, मी सावकाश पुन्हा म्हटलं. त्यानं लिहिलं. तू कोण, असं त्यानं विचारलं नाही. मोठ्या बाईनं तिला कडेवर घेतलं आणि नेलं. संस्थेचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. कादिर खाली थांबला आहे.