पट्ट्यावर भरवसा

सौ. अक्षता हिला,
मामीचा आशीर्वाद.

कानाच्या दुखण्यानं माझा तोल गेला, तेव्हा तुझा आणि माझ्या लेकाचा, प्रशांतचा काडीमोड होऊन वर्ष उलटलं होतं. भिंत धरल्याशिवाय मला न्हाणीघर गाठता येत नव्हतं. ते कानावर पडताच तू आलीस, सासूला पूर्वीसारखंच 'मामी' म्हणालीस आणि रिक्षात बसवून मला उडुपीच्या दवाखान्यात नेलंस.

तिथे वरून सोडलेला पट्टा कमरेला बांधून मला एका हलत्या पाटावर उभं केलं. समोरच्या पडद्यावर एक ठिपका होता. मी झुकले की तोही झुकायचा. त्याला गोलात ठेवायचं होतं, पण मी कठडाच सोडेना.

"मामी, हात सोडा," तू म्हणालीस.

"पडेन गं."

"पडा की. पट्टा कशाला बांधलाय?"

थेरपिस्ट बाई हसल्या, मलाही हसू आलं आणि हात सुटला. मी खरंच पडले. पट्ट्यानं अधांतरी झेललं. त्यानंतर भीती गेली आणि हळूहळू ठिपका गोलात राहू लागला.

आज मोगऱ्याच्या, आपल्या मल्लिगेच्या कळ्या खुडून, टोपली घेऊन मी बांधावरून एकटी रस्त्यापर्यंत गेले. शेजारच्या गिरिजेनं विचारलं, "इतकं बरं कुणी केलं?"

"त्या मशीननं, बाईंनी आणि माझ्या सुनेनं."

"सून तर सोडून गेली ना?"

"प्रशांतला सोडून गेली. मला नाही."

हे पत्र पाठवणार नाही. तुझ्या नव्या सासरी उगाच प्रश्न नकोत. पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

अजूनही तुझी मामी,
वारिजा