बाण असलेली चित्रं

४ फेब्रुवारी

‘हे गेले’ असं लिहिलं आणि खोडलं. तसं लिहिलं की मेले असं वाटतं. हे चांगले धडधाकट आहेत! ऑफिसातल्या एका बाईकडे राहायला गेलेत, एवढंच. कपड्यांची बॅग नेली, दाढीचं सामान नेलं. कॉम्प्युटर मात्र इथेच आहे, त्याच्यावर अजून ह्यांनीच घातलेलं कव्हर.

लेक फोनवर रडत होती. मीच तिची समजूत काढली. मला रडू येत नाही. दात काढण्याआधी सुई दिली की गाल कसा होतो – तशी मी अख्खी झालेय.

तिने परस्पर माझं नाव कॉम्प्युटरच्या क्लासात घातलंय. ‘आई, भिंतीकडे बघत बसू नकोस.’ नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. हो म्हटलं.

७ फेब्रुवारी

क्लास चपलांच्या दुकानावरच्या खोलीत. पंखा फिरतो, वारा येत नाही. शिकवणारी माझ्या लेकीहून लहान, पण सगळे तिला मॅडम म्हणतात. माझ्या शेजारी एक रिटायर पोस्टमन बसतात, टपालकाका. त्यांना नातवाला फोटो पाठवायचेत.

आज मॉनिटर, कीबोर्ड, माउस, सीपीयू. इतकी वर्षं मी समोरच्या काचेलाच कॉम्प्युटर समजत होते! तो नुसता चेहरा. राबणारा वेगळाच, टेबलाखालच्या खोक्यात. टपालकाकांनी माउस उचलून हवेत धरला आणि म्हणाले, ‘पुढं सरकतच नाही की हो हे!’ सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं.

घरच्या मशीनला मी कधी हात लावलेला नाही. फडकं मारायचं तेही कव्हरवरून. ‘तुला त्यातलं कळत नाही,’ हे म्हणायचे. खरंच होतं ते.

९ फेब्रुवारी

ऑपरेटिंग सिस्टिम. मॅडम म्हणाल्या, ‘मशीन म्हणजे घर, भांडीकुंडी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घर चालवणारं माणूस. कोणी काय करायचं, कुठे काय ठेवायचं, सगळं तीच बघते. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ती बसली की सगळंच बसलं.’ मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मॅडमचं लग्न व्हायचंय अजून.

१२ फेब्रुवारी

अर्धं पान टाइप केलं आणि वीज गेली. माझं सगळं गेलं. मॅडम म्हणाल्या, रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. काम ओट्यावर करायचं, पण सेव्ह करून कपाटात ठेवलं नाही, तर वीज गेली की ओटा रिकामा. टपालकाका माझ्यासाठी हळहळले. म्हणाले, ‘तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?’

१४ फेब्रुवारी

ह्यांचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही.

स्वतःचं ऑफिस काढतायत. इमारतींचे आजवर काढलेले सगळे नकाशे हवेत, ते ह्याच मशीनमध्ये आहेत. ‘क्लासला जातेस ना? मग ऐक. डेस्कटॉपवर पिवळी फोल्डरं दिसतील. ती सगळी धरून पेनड्राइव्हवर ओढ. एकही सुटता कामा नये, माझा सगळा धंदा त्यावर आहे. मग मशीन दुकानात नेऊन पुसून घे आणि तुलाच ठेव. माझं त्यात काही राहायला नको.’

कव्हर काढलं. बटण दाबलं. लागलं! पिवळी फोल्डरं होती, ओळीने. ओढली. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालंसुद्धा. एवढ्या वर्षांचं काम आणि एवढ्यात?

१५ फेब्रुवारी

भाजी करपली. वाससुद्धा आला नाही मला.

१८ फेब्रुवारी

आज शॉर्टकट. मॅडमनी चित्राच्या कोपऱ्यातला बारीकसा वाकडा बाण दाखवला. बाण असला की ते नुसतं दार. खरी वस्तू आत भलतीकडेच असते. बाणाचं चित्र दुसरीकडे नेलं, तर वाट तेवढी जाते, वस्तू जागच्या जागी राहते. टपालकाका म्हणाले, ‘म्हणजे पत्ता लिहिलेलं रिकामं पाकीट!’

घरी येऊन चप्पलही न काढता मशीन लावलं. पिवळ्या फोल्डरांवर बाण. एकूण एक. पेनड्राइव्हवरही तेच बाण – आत काही नाही.

ह्यांनीच तर सांगितलं होतं हे ओढ म्हणून. एवढं कळणारा माणूस, त्याचं त्या बाणाकडे लक्षच गेलं नसेल.

ह्यांना सांगायला हवं.

१९ फेब्रुवारी

फोन लावला. ‘अहो, त्या फोल्डरांचं एक–’

‘टाकलंस ना सगळं?’

‘टाकलं, पण त्यावर बाण–’

‘ते राहू दे. मी मीटिंगमध्ये आहे. सांगितलं तेवढं कर, डोकं लावू नकोस.’

संध्याकाळी परत लावला. त्या बाईने उचलला. आवाज चांगला आहे तिचा. ‘ते आंघोळीला गेलेत, काही निरोप?’ बाणाचा निरोप कसा द्यायचा? काही नाही म्हटलं.

२१ फेब्रुवारी

पेनड्राइव्ह न्यायला आले. वर आले नाहीत. खाली स्कूटर चालूच ठेवून उभे. केस काळे केलेत. हसू येण्यासारखं होतं, आलं नाही.

‘एक मिनिट बंद करा ती. ऐकून घ्या माझं–’

‘हे बघ, झालं ते झालं. आता जुनं काही उकरू नकोस.’

‘जुनं नाही हो, नकाशांचं–’

‘बरं, बरं. ते राहू दे.’ पेनड्राइव्ह खिशात टाकला. गेले.

मी रस्त्यात उभी. शेजारीण गॅलरीतून बघत होती. लग्न झाल्यापासून माझं एकही वाक्य ह्या माणसाने शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी

मशीन रिक्षात घालून दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस. खोका उघडला, आतली धूळ ब्रशने काढली. म्हणाला, ‘ताई, फॉरमॅट करायचं म्हणजे आतलं सगळं जाणार. त्यावर नवीन सिस्टिम चढवली की मग देव आला तरी परत मिळायचं नाही. हवं ते सगळं काढून घेतलंय ना?’

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी.

‘ज्याचं होतं त्याने नेलंय,’ म्हटलं.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मी स्टुलावर बसून शेवटपर्यंत बघितली. चहा दिला त्याने, तोही प्यायले.

२४ फेब्रुवारी

स्वच्छ डेस्कटॉप. नुसतं निळं आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. तीही रिकामी.

२६ फेब्रुवारी

फोनवर फोन. पेनड्राइव्हमध्ये काही उघडत नाही! काय करून ठेवलंस! मूर्ख, बिनडोक, आणखी पुष्कळ. मी रिसीव्हर कानापासून लांब धरून उभी होते. मशीन पुसून झालंय म्हटल्यावर एकदम गप्प झाले. एवढा वेळ गप्प मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

क्लासला गेले. फाइलला नाव कसं द्यायचं ते शिकले.

२८ फेब्रुवारी

हे दुकानदाराकडे जाऊन आले म्हणे. त्यानेही हात वर केले. लेकीचा फोन – ‘आई, तुला माहीत होतं का गं?’ मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘जेवलीस का?’

२ मार्च

हे दारात आले. वर, जिना चढून. केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलंय. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘तू त्या दिवशी काहीतरी सांगत होतीस. सांग. मी ऐकतोय.’

सगळं सांगितलं. बाण असला की ते नुसतं दार असतं, वस्तू आत राहते. वाक्य पूर्ण झालं. मध्ये बोलले नाहीत.

ते गेल्यावर दार लावलं आणि तिथेच, पायपुसण्यावर बसून, हमसून हमसून रडले.