खोट्या रस्त्यावरची मुलगी

३ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

आमच्या आगारातल्या मिशीवाल्याच्या बसखाली सायकलस्वाराचा पाय मोडला, म्हणून कंपनीने आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना तुझ्या प्रयोगशाळेत धाडलं. ठीक. पण सव्वीस वर्षं बस चालवणाऱ्या सख्ख्या भावाला अर्ध्या कापलेल्या गाडीत, तीन पडद्यांवरच्या खोट्या रस्त्यासमोर बसवून तू चक्क नापास केलंस! घरी आल्यापासून तोंड फुगवून बसलोय. वहिनी हसतेय. निळ्या फ्रॉकातली मुलगी रस्ता ओलांडत होती म्हणतेस, मला तर दिसलीच नाही. मागाहून घुसडलीत ना?

रुसलेला, पण तुझाच,
दादा

९ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मुलगी होती. तुझी नजरही तिच्यावर होती, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय. पण त्याच क्षणी, तुमच्या बसमध्ये रोज येतो तसाच, आम्ही हेडफोनवर आगाराचा फोन लावला, किती उशीर होईल, आणि तू मनात मिनिटं मोजू लागलास. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, लक्ष मात्र आगारात. फोन नव्हता तेव्हा प्रत्येक वेळी ब्रेक वेळेत लागला. चाळीसपैकी एकतीस जणांचं हेच झालं. मिशीवाल्यालाही अपघाताच्या वेळी आगारातून फोन आला होता.

आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना नेमकं हेच पान अहवालात नकोय. ड्रायव्हर बेफिकीर, एवढंच लिहा म्हणाले. मी म्हटलं, पान काढलंत तर माझी सहीही काढा. नोकरी बहुतेक जाणार. आईला कळू देऊ नकोस. तुझ्या चाचणीचा कागद तुझा आहे, म्हणून सोबत पाठवतेय.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
ठमी

२१ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

काल मिशीवाल्याची चौकशी होती. न बोलावता आत गेलो आणि तू पाठवलेला माझा कागद टेबलावर ठेवला. सगळ्यांसमोर सांगितलं, मी नापास झालोय, ती मुलगी माझ्या बसखाली आली असती. चौकशीला बसलेल्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं, हे कबूल केल्यावर तुम्हाला बसवर ठेवायचं कसं? मी म्हणालो, मला खुशाल काढा, पण फोन कोण करत होतं तेही लिहून घ्या. मग माझ्यामागून एकेक करत नापास झालेले बाकीचे तीस जण आले आणि आपापल्या चाचणीचा कागद मागू लागले.

मिशीवाला सोमवारी कामावर येतोय. मला पंधरा दिवस घरी बसवलंय. सकाळी आगाराच्या फाटकाशी उभा राहून पाहिलं. एकूण एक बस बाहेर पडली आणि एकाही ड्रायव्हरच्या कानात हेडफोन नव्हता.

अशीच हट्टी राहा, आणि आमच्यावरचा जीव तसाच असू दे.
तुझा,
दादा