आईच्या गोधडीची किंमत

विश्रांतवाडी, पुणे
६ ऑक्टोबर २०१३

आदरणीय मुक्ताताईस,

धाकट्या शालनचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही सांग. त्यांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? उपयोग नाही, पण लावत राहा, त्यांना बरं वाटतं. इकडे सगळे मजेत. राकेशचे बाबा फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून घरात सुपरवायझर म्हणून रुजू झालेत, एवढाच काय तो त्रास.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर मी तोंड उघडायच्या आत तुझं निम्मं बोलून झालेलं असतं. पत्रात तुला ऐकून घ्यावंच लागेल. आणि जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगते, आईची गोधडी घरातच आहे. (काय झालं ते पुढे येईल. हे वाक्य तेवढं धरून ठेव.)

मी बिल्डिंगमधल्या बायकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देते, हे तुला ठाऊकच आहे. त्याबद्दल कुणी ब्लाउजपीस दिला, कुणी डझनभर केळी, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी नुसता अभिप्राय (टाके जरा वाकडे आलेत). आमची निकिता, खराडीच्या आयटी कंपनीत जाणारी सून, हे बघून वैतागली. म्हणाली, आई, हाताने केलेल्या वस्तू विकायची एक साइट आहे, तिथे टाकू. किंमत काढायची पद्धतही तिनेच शिकवली. कापड, दोरा आणि तास. मी इमानेइतबारे वहीत तास लिहिले, एका गोधडीला एकसष्ट भरले. त्यातले चाळीस मालिका बघताना गेले होते, ते धरायचे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. धरायचे ठरल्यावर राकेशच्या बाबांनी सुई ओवून दिल्याचे त्यांचे वेगळे मागितले. मग तासाला दर काय? निकिताच्या पगाराने पाडला तर गोधडी सत्तावीस हजारांना पडत होती आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ललिताच्या दराने अडीच हजारांना. शेवटी विकली जाईल अशी म्हणून साडेआठशे ठरवली. निकिताने आठशे एकोणपन्नास लिहिली. एक रुपया कमी दिसला की माणूस भुलतो म्हणे. मी म्हटलं, पुण्यातला नाही भुलत.

मग मी गुपचूप राकेशला सांगून ती बाराशे करून घेतली. गिऱ्हाईक घासाघीस करणार, तर खाली उतरायला जागा नको का? पण तिथे घासाघीस करायची सोयच नाही, हे मला महिन्याने कळलं. तोवर एकीनेच चौकशी केली, गोधडी धुता येते का. मी उत्तर सांगितलं, न धुता वापरलीत तरी आमची हरकत नाही. निकिताने ते पाठवलं नाही. तीस वर्षं या गावात काढल्यावर थोडं वळण लागतंच गं.

आता मुद्द्याचं. फोटोंसाठी सगळ्या गोधड्या गॅलरीत टाकल्या, त्यात आईची पण टाकली. शेवटच्या वर्षी तिनं शिवलेली, मधोमध पांढरा चौकोन असलेली. छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी ती जे लुगडं नेसली होती, त्यातलं उरलेलं तेवढंच. आमच्या घरचा टाका कसा असतो ते लोकांना दिसावं, एवढाच हेतू. चौकोन कशाचा हे निकिताने फोटोखाली लिहिलंही. पण किंमत घातल्याशिवाय साइट पुढे सरकेना. वस्तू द्यायची नसली की आपण बाजारात काय करतो? तोंडाला येईल तो आकडा सांगतो. समोरचा हसतो, पुढे जातो, दोघांचाही मान राहतो. मी म्हटलं, लिही तीस हजार.

चौथ्या दिवशी ती विकली गेली. निकिताने ऑफिसमधून आनंदाने फोन केला, आणि मी गोधडी मांडीवर घेऊन तशीच बसले. मला रडू आलं, ताई. लाजही वाटली, आईला आपण तीस हजारांत बसवलं म्हणून.

घेणारी पूर्णिमा नावाची मुलगी. मूळची भंडाऱ्याची, नोकरीला बंगळूरला. मी तिला फोन लावला तो भांडायच्या तयारीने. न विचारता, न खळखळ करता तीस हजार भरणाऱ्या माणसाचा मला रागच आला होता. सांगितलं, गोधडी मिळणार नाही, पैसे आजच परत येतील. ती वाद घालेल म्हणून पुढची चार उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "राहू द्या काकू. माझी आजीपण त्या दिवशी तिथं होती. तिचं आमच्याकडे काहीच राहिलं नाही. फक्त त्या पांढऱ्या चौकोनाचा जवळून एक फोटो पाठवाल?"

तयार ठेवलेलं एकही उत्तर कामाला आलं नाही. पैसे परत गेले, फोटो गेला, गोधडी ट्रंकेत गेली. मला मात्र तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. भाऊजींना जप, आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाशील तेव्हा पाण्याची बाटली घरून ने.

तुझी,
शालन

ता. क. पूर्णिमासाठी मी नवी गोधडी शिवते आहे, साडेआठशेच घेणार. तिच्या मधोमध आईच्या चौकोनातला वीतभर तुकडा लावावा असं मनात आहे. आई तुझीही आहे, तुझ्या परवानगीशिवाय कसं करू? नाही म्हणायचं असेल तर विजयादशमीच्या आत फोन कर. मी मध्ये बोलणार नाही.

ता. क. दुसरा. परवानगी मागितली खरी, पण टाके मी आज सकाळीच उसवले. रागवायच्या आधी पुढचं वाच. चौकोनाची एक कड आत दुमडलेली होती. उलगडली तर तिथला वीतभर तुकडा आधीच कापून घेतलेला. कात्रीने, सरळ, आणि कापलेल्या कडेला आईच्याच हातचे बारीक टाके. कुणाला दिला असेल गं तिनं? तुला कधी बोलली होती का? मला नाही बोलली. वर लिहिलेले साडेआठशे तेवढे खोडून वाच.